भोवऱ्यात काय फिरतं?

मागच्या अंकात सौरडागांबद्दलच्या एका उत्तरात मी सहज लिहून गेले, की सूर्यावरचं चुंबकीय क्षेत्र सलग पसरलेलं नसतं, त्याचे दोर झालेले असतात, ‘अतिवाहकात असतात तसेच’. (अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केल्यावर ज्याचा विद्युतरोध शून्य होतो असा पदार्थ.) हे शेवटचे तीन शब्द लिहिताना मला फार चपखल वाटले होते. पत्रं यायला लागली तेव्हा कळलं, की त्यांनी बऱ्याच जणांना बुचकळ्यात टाकलंय. नोकरीची तीस वर्षं मी अतिवाहकांच्या प्रयोगशाळेत, द्रव हेलियमच्या भांड्यांशेजारी काढली. सूर्य हा निवृत्तीनंतरचा छंद. त्यामुळे माझ्या डोक्यात या दोघांची मोट आपोआप बांधली जाते, वाचकांच्या डोक्यात ती का बांधली जावी? तेव्हा या वेळचा सगळा स्तंभ तो ‘तसेच’ निस्तरण्यासाठी.

प्रश्न : चुंबकीय दोर अतिवाहकातल्यासारखे, तर मग सूर्यालाही अतिवाहक म्हणायचं का? पण अतिवाहकता तर कडाक्याच्या थंडीत येते ना? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी)

उत्तर : नाही म्हणायचं. तू बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. १९११ साली लायडनच्या प्रयोगशाळेत कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला पाहिला, तो ४.२ केल्विनच्या आसपास (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस). इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडचा जो काळा पदार्थ आम्ही नंतर वापरायचो, तोसुद्धा ९२ केल्विनच्या वर गेला की नुसता ठिसूळ सिरॅमिकचा तुकडा. सूर्याच्या पृष्ठभागावरचा वायू तर वाहक म्हणून तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मग तिथलं क्षेत्र विरून का जात नाही? सूर्य अवाढव्य आहे म्हणून. एक मीटर त्रिज्येचा तांब्याचा भरीव गोळा डोळ्यांपुढे आण. त्यात क्षेत्र भरलं आणि बाहेरचा चुंबक काढून घेतला, तर गोळ्यात फिरणाऱ्या विद्युतधारा रोधामुळे मंदावतात आणि साताठ सेकंदांत क्षेत्र साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. हा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गोळा पृथ्वीएवढा केला, तर त्याच साताठ सेकंदांची सुमारे १ कोटी वर्षं होतात. तांबं तेच, रोध तोच! सूर्यावर वाहकता कमी असली तरी अंतरं हजारो किलोमीटरची. वायूतून निसटायला क्षेत्राला सवडच मिळत नाही, वायू नेईल तिकडे त्याला जावं लागतं. १९४० च्या दशकात हान्नेस आल्फवेन यांनी हा विचार मांडला. तेव्हापासून या प्रकाराला ‘गोठलेलं क्षेत्र’ म्हणतात. पाच हजार आठशे केल्विनला गोठलेलं! भौतिकशास्त्रातल्या नावांवर विसंबू नये ते असं.

अतिवाहकाची गोष्टच निराळी. नुसता रोध नसलेला आदर्श वाहक थंड केला असता, तर पोटात जे क्षेत्र असेल ते तसंच अडकून बसलं असतं. १९३३ साली बर्लिनमध्ये माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांना नेमकं उलट दिसलं. थंड होताहोता धातूनं आतलं क्षेत्र बाहेर हाकललं. म्हणजे सूर्य क्षेत्राला सोडत नाही आणि अतिवाहक त्याला घरात घेत नाही. काही अतिवाहकांना मात्र ही हकालपट्टी पुरती साधत नाही. क्षेत्र बऱ्यापैकी जोरदार झालं की ते बारीक बारीक वाटांनी आत शिरतंच. या वाटा म्हणजेच भोवरे.

प्रश्न : तुम्ही कधी ‘दोर’ म्हणता, कधी ‘भोवरा’. त्यात नेमकं फिरतं काय?

उत्तर : या अंकातला माझा सर्वांत लाडका प्रश्न. नाव कळवलं नाहीत, नाहीतर खास आभार मानले असते.

मराठीत भोवरे तीन. एक नदीतला, ज्यात पाणी खरोखर फिरतं. दुसरा दोरीनं फिरवायचा. आणि तिसरा डोक्यावरचा, ज्यात काहीही फिरत नाही. केसांची ठेवणच तशी असते, आपल्याला फिरल्याचा भास होतो.

१९०८ साली जॉर्ज एलरी हेल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्याची छायाचित्रं घेतली. सौरडागांभोवती तंतूंची चक्राकार नक्षी दिसली, अगदी वादळासारखी. हेल यांनी तर्क केला, की तिथे विद्युतभारित कण गरगरत असतील तर त्यांची विद्युतधारा होईल आणि धारा आली की चुंबकीय क्षेत्र आलंच. तपासायचं कसं हेही त्यांना ठाऊक होतं. पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये दाखवलं होतं, की चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातली एक रेषा फुटून तिच्या दोन-तीन होतात. हेल यांनी डागाचा प्रकाश मनोऱ्यावरच्या दुर्बिणीतून वर्णपटमापीत घेतला. रेषा दुहेरी होत्या. ध्रुवित प्रकाश पारखणारा लोलक फिरवला की जोडीतली एक रेषा मंद होई, उलटा फिरवला की दुसरी. ही चुंबकत्वाची सहीच. क्षेत्र निघालं सुमारे ३,००० गॉस, पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट. पृथ्वीबाहेर कुठेही चुंबकीय क्षेत्र सापडण्याची ती पहिली वेळ.

आता गंमत. जॉन एव्हरशेड तेव्हा कोडाईकनालच्या वेधशाळेत होते. हेल म्हणतात तशी वायूची गरगर खरंच आहे का, हे पाहायला त्यांनी जानेवारी १९०९ मध्ये डागांच्या वर्णपटातल्या रेषांची सरक मोजली (वायूचा वेग तिच्यावरून कळतो). गरगर सापडली नाही. वायू डागाच्या करड्या किनारीतून सरळ बाहेरच्या दिशेनं, चाकाच्या आऱ्यांसारखा, सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगानं पसरत होता. या प्रवाहाला आज एव्हरशेड यांचंच नाव आहे. हेल यांना दिसलेली चक्राकार नक्षी म्हणजे क्षेत्राच्या दिशेनं विंचरून बसलेला वायू होता. थोडक्यात, त्यांनी डोक्यावरचा भोवरा पाहिला आणि तो त्यांना नदीतला वाटला. चुकीच्या समजुतीनं शोधायला गेले आणि खरं चुंबकत्व घेऊन परतले. असं नशीब आम्हाला प्रयोगशाळेत तीस वर्षांत एकदाही लाभलं नाही. आमच्या चुकीच्या समजुतींतून चुकीचेच आलेख निघायचे.

नदीतले भोवरेही सूर्यावर आहेत, पण ते फार छोटे आणि उशिरा सापडले. सूर्याचा पृष्ठभाग सतत उकळत असतो. मधून वर आलेला वायू निवून कडांच्या फटींत खाली उतरतो आणि उतरताना, भोक असलेल्या टाकीतल्या पाण्यासारखा, फिरू लागतो. त्या फटीत चुंबकीय दोर असला तर त्यालाही पीळ बसतो आणि ही फिरकी वरच्या थरांपर्यंत पोहोचते. २०१२ साली, ला पाल्मा बेटावरच्या एक मीटर व्यासाच्या स्वीडिश सौरदुर्बिणीतून घेतलेल्या वेधांवरून संशोधकांनी अंदाज मांडला, की असे किमान ११,००० पीळदार भोवरे सूर्यावर कोणत्याही क्षणी असतात. एकेकाचं आयुष्य दहा-बारा मिनिटांचं. सूर्याच्या प्रभामंडलाचं, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ वातावरणाचं, तापमान दहा लाख केल्विनच्या वर कसं जातं, या जुन्या कोड्यात त्यांचाही वाटा असू शकतो.

अतिवाहकातला भोवरा मात्र शंभर टक्के नदीतला. तिथे इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची धारा क्षेत्राच्या बारीक वाटेभोवती अखंड फिरत असते. मध्याकडे जावं तसा वेग वाढतो. इतका वाढतो, की अगदी मध्यावर जोड्यांना जोडी टिकवणं परवडत नाही. तेवढा गाभा साधा, अतिवाहकता हरवलेला. आमच्या त्या काळ्या पदार्थात हा गाभा दोन-चार नॅनोमीटरचा आणि भोवतीच्या धारेचा पसारा शे-दीडशे नॅनोमीटरचा. वायू नाही, द्रव नाही, धातूचा अणू जागचा हलत नाही आणि भोवरा मात्र खरा.

प्रश्न : सौरडागावर सतत वारा असतो म्हणून तो थंड आणि काळा का?

उत्तर : वारा नव्हे. तिथलं जोरदार क्षेत्र वायूची उकळी दाबून धरतं, खालची उष्णता वर पोहोचत नाही. ‘थंड’ म्हणजे तरी सुमारे ४,००० केल्विन. आणि काळा तो शेजारच्या झगमगाटामुळे दिसतो. एकटा आकाशात टांगला तर डोळ्यांना सोसणार नाही. (मी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडते आणि डाग पेन्सिलीनं उतरवून घेते. दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही, हे दर वेळी लिहिते आणि दर वेळी लिहीन.)

प्रश्न : लोखंडाचा कीस टाकून दाखवतो त्या बलरेषा काल्पनिक असतात, असं मी वर्गात शिकवतो. मग हे दोर खरे कसे? (विज्ञानशिक्षक)

उत्तर : सर, तुम्ही बरोबरच शिकवता. किसाच्या रेषा किसामुळे होतात. कण चुंबक बनतात आणि एकमेकांच्या शेपटीला तोंड लावून बसतात. दोन रांगांच्या मधल्या कोऱ्या जागेतही क्षेत्र तेवढंच असतं. रेषा मोजून क्षेत्र मोजणं ही कागदावरची सोय.

सूर्यावर आणि अतिवाहकात या सोयीला अंगपिंड आलं आहे. दोन दोरांच्या मधली जागा जवळजवळ मोकळी, क्षेत्र आहे ते दोरात. पण दोघांची कारणं इतकी निराळी, की माझ्या ‘तसेच’ची मला लाज वाटावी.

सूर्यावरचं कारण दांडगाईचं. उकळीचा एकेक दाणा सुमारे १,००० किलोमीटर रुंद. आठ-दहा मिनिटांत तो फुलतो आणि मोडतो. मधून वर येणारा वायू गोठलेलं क्षेत्र बाजूला लोटतो आणि ते दाण्यांमधल्या फटींत, केरसुणीनं कोपऱ्यात ढकलल्यासारखं, गोळा होतं. तिथे ते आवळलं जाऊन शंभर-दोनशे किलोमीटर जाडीचे दोर होतात. त्यांच्यातलं क्षेत्र १,५०० गॉसच्या घरात. क्षेत्रालाही दाब असतो. १,५०० गॉसचा दाब काढून पाहा, ९,००० पास्कलच्या आसपास येतो, आपल्या हवेच्या दाबाचा अकरावा हिस्सा. पृष्ठभागाजवळच्या सौरवायूचा दाब याच मापाचा आहे. म्हणजे बाहेरून वायू रेटतो आणि आतून मुख्यतः क्षेत्र तोलून धरतं. दोराच्या आत वायू विरळ, म्हणून दोर हलका, म्हणून खोल थरांतले दोर बुडबुड्यासारखे वर येतात. यूजीन पार्कर यांनी हे १९५५ मध्ये दाखवलं. वर आलेला दोर पृष्ठभाग फोडून कमान करतो आणि तिच्या दोन पायांशी डागांची जोडी दिसते. माझ्या पुठ्ठ्यावर डाग पुष्कळदा जोडीनं उमटतात ते यामुळे. एकाचा ध्रुव उत्तर, दुसऱ्याचा दक्षिण.

अतिवाहकातलं कारण हिशेबाचं. क्षेत्र असलेला भाग आणि अतिवाहक भाग यांच्यामध्ये सीमा लागते. पारा, शिसं यांसारख्या शुद्ध धातूंत सीमा महाग पडते, म्हणून ते शक्य तितक्या कमी सीमा आखतात. काही मिश्रधातूंत मात्र सीमा आखणं फायद्याचं ठरतं. मग क्षेत्राचे जितके बारीक तुकडे करता येतील तितके बरे. करत जायचे, करत जायचे, पण एका ठिकाणी थांबावंच लागतं. अतिवाहकातल्या सगळ्या जोड्या मिळून एकच तरंग असतो आणि भोवऱ्याला वळसा घालून आल्यावर त्या तरंगाचं टोक सुरुवातीला बरोबर जुळलं पाहिजे. माळ ओवताना अर्धा मणी चालत नाही, तसं. किमान एक पूर्ण फेरा हवा. त्या एका फेऱ्याइतकं क्षेत्र हाच सर्वांत लहान तुकडा.

हे सगळं अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात कागदावर मांडलं. त्यांचे गुरू लेव्ह लांदाऊ यांना ते पटलं नाही आणि कागद खणात गेले. छापून आले ते १९५७ मध्ये. मिश्रधातूंचं हे विचित्र वागणं प्रयोगात त्याआधी वीस वर्षं खारकोव्हला लेव्ह शुब्निकोव्ह यांनी नोंदलं होतं. त्याच १९३७ साली स्तालिनच्या राजवटीत त्यांना गोळी घातली गेली. अब्रिकोसोव्ह यांना २००३ साली नोबेल मिळालं.

त्या निबंधात एक बारीक चूक होती. भोवरे चौकोनी जाळीत उभे राहतात, असं त्यांनी काढलं होतं. निवड ज्या आकड्यावर ठरते तो चौकोनी जाळीला १.१८ आणि त्रिकोणी जाळीला १.१६ येतो. लहान तो जिंकतो, म्हणजे जाळी त्रिकोणी हवी. ही दुरुस्ती १९६४ साली झाली आणि १९६७ मध्ये श्टुटगार्टला एस्मान आणि ट्रॉयब्ले यांनी चक्क डोळ्यांनी दाखवली. शिसं-इंडियमच्या मिश्रधातूवर त्यांनी लोहचुंबकी धातूचे अतिसूक्ष्म कण धुळीसारखे बसू दिले. जिथे भोवऱ्याचं तोंड, तिथे कण जमले. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची त्रिकोणी रांगोळी दिसली. सर, तुमच्या लोखंडाच्या किसाचाच हा प्रयोग. फरक इतकाच, की इथे मधल्या कोऱ्या जागेत क्षेत्र खरोखरच नगण्य होतं. ते छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

प्रश्न : प्रत्येक भोवऱ्यात अगदी सारखंच क्षेत्र, हे कोणी मोजलं का? की मानायचं?

उत्तर : मोजलं. १९६१ साली दोन गटांनी एकाच वेळी. स्टॅनफर्डला डीव्हर आणि फेअरबँक यांनी, जर्मनीत डोल आणि नेबाउअर यांनी. केसाहून बारीक अतिवाहक नळ्या घेऊन त्यांत अडकलेलं क्षेत्र मोजलं. ते सलग वाढत नव्हतं, पायऱ्यांनी वाढत होतं. पायरीची उंची सुमारे २.०७ भागिले एकावर पंधरा शून्ये, इतकी वेबर (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, याचं हे एकक). फ्रिट्झ लंडन यांनी आधी वर्तवलेल्या आकड्याच्या बरोब्बर निम्मी. निम्मी का, तर लंडन यांनी एकेकटा इलेक्ट्रॉन धरला होता आणि अतिवाहकात फिरतात त्या जोड्या. भागाकारात एकाच्या जागी दोन आले.

तुम्हाला अंदाज यावा म्हणून एक हिशेब. पृथ्वीचं क्षेत्र धरा अर्धा गॉस. एक चौरस सेंटिमीटर अतिवाहक पत्र्यातून तेवढं क्षेत्र गेलं, तर त्यात सुमारे २४ लाख भोवरे बसतात. आणि सूर्यावरचा १५० किलोमीटर जाडीचा एक लहानसा दोर याच मापानं मोजला, तर संख्या एकावर चोवीस शून्यांच्या घरात जाते. सूर्याला या मापाची पर्वा नाही. तिथे एक दोर दुसऱ्याच्या दीडपट असेल, पावणेदोनपट असेल, कोणी विचारत नाही. अतिवाहकात पावणेदोन नाहीच. माझ्या ‘तसेच’मधला खरा खोटेपणा इथे आहे.

प्रश्न : मी एमआरआय यंत्रावर काम करतो. अतिवाहक तारेत रोध शून्य, असं प्रशिक्षणात सांगितलं. मग ‘क्वेंच’ होतो तेव्हा उष्णता येते कुठून?

उत्तर : भोवऱ्यांतून. क्वेंच म्हणजे चालू चुंबकाची तार अचानक अतिवाहकता गमावते आणि तापते. त्याची सुरुवात बहुधा लहानशा हालचालीनं होते. कधी वेटोळ्यातली तार केसभर सरकते, कधी भोवरे सरकतात. अशा यंत्रांची तार बहुतेक वेळा नायोबियम-टायटॅनियमची असते. तारेतून धारा जाते, तारेवर जोरदार क्षेत्र असतं, म्हणजे तारेत भोवरे खच्चून भरलेले असतात. धारा प्रत्येक भोवऱ्याला आडवा रेटा देते. भोवरा सरकला की त्याचा साधा गाभाही सरकतो आणि सरकताना ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे रोध शून्य राहायचा तर भोवरे हलता कामा नयेत.

यासाठी तार मुद्दाम खराब करतात. हो, खराब. शुद्ध, निर्दोष स्फटिकात भोवऱ्याला अडायला काही नसतं. तार ओढताना आणि तापवताना तिच्यात टायटॅनियमचे नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे तयार होऊ देतात. भोवऱ्याचा गाभा तसाही अतिवाहकता गमावून बसलेला. तो आधीच अतिवाहक नसलेल्या जागी बसला तर ऊर्जा वाचते. म्हणून तो तिथे खुंटीला बांधल्यासारखा राहतो. आम्ही ‘पिनिंग’ म्हणायचो. नव्या मुलांना सांगताना मी ‘खुंटी’ म्हणायचे आणि त्यांना ते लगेच कळायचं.

लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांच्या महाकाय त्वरकाच्या चुंबकांत क्षेत्र ८.३ टेस्लापर्यंत जातं (एक टेस्ला म्हणजे दहा हजार गॉस), तापमान १.९ केल्विन. त्या क्षेत्रात शेजारशेजारच्या भोवऱ्यांत अंतर राहतं जेमतेम १७ नॅनोमीटर. तारेतला एकेक तंतू ६–७ मायक्रॉनचा. म्हणजे एका तंतूच्या रुंदीत चारेकशे भोवरे दाटीवाटीनं उभे. तंतू इतके बारीक आणि तांब्यात बुडवलेले का, तर जाड तारेत भोवऱ्यांची दरड कोसळते. एक जुडगा खुंटी सोडून सरकला, की थोडी उष्णता, उष्णतेनं शेजारच्या खुंट्या ढिल्या, मग तेही सरकतात, अजून उष्णता. इतक्या कमी तापमानाला धातूची उष्णता सामावून घेण्याची ताकद नगण्य असते, त्यामुळे ठिणगीएवढी ऊर्जाही पुरते.

हे मला पुस्तकातून कळलं आणि नंतर कानांनी कळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका प्रयोगशाळेत (नाव राहू द्या) मी चुंबकाची धारा चढवत होते. मिनिटाला किती अँपिअर चढवायचे याचा कागद यंत्रावर चिकटवलेला होता. घाई होती, मी बटण त्यापुढे फिरवलं. काटा थरथरला. मग आधी एक ठोका ऐकू आला, लोखंडी दारावर मूठ आपटल्यासारखा, आणि पाठोपाठ सुरक्षा झडपेतून पांढरा लोट. वेटोळ्यातली सगळी ऊर्जा द्रव हेलियममध्ये उतरली होती आणि खोलीच्या तापमानाला आलेला हेलियम द्रवाच्या सातशेपटींहून जास्त जागा मागतो. ओरडत दार उघडायचं आणि बाहेर पळायचं, एवढं मला सुचलं. तेच बरोबर होतं, हेलियमनं खोलीतला ऑक्सिजन रेटून बाहेर काढला असता. आमचे वरिष्ठ आले, त्यांनी शांतपणे मोजपट्टी टाकीत घातली, किती सेंटिमीटर हेलियम गेला ते वहीत लिहिलं आणि तारखेपुढे माझं नाव घातलं. बोलले काही नाहीत. आठवडाभर ते वहीचं पान मला दिसत होतं.

तुमच्या यंत्रावर क्वेंचचं लाल बटण असेल. ते मुद्दाम तार तापवतं, म्हणजे खुंट्या एकदमच उपटतं. विनाकारण हात नको.

प्रश्न : एखादा तारा खरोखरच अतिवाहक असू शकतो का?

उत्तर : सूर्य नाही, पण न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, असावा, असा भौतिकशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढी घनता, की अब्जावधी अंशांच्या खालचं तापमानही तिथे ‘थंडच’. तिथल्या प्रोटॉनांच्या जोड्या जमून अतिवाहक होतो आणि न्यूट्रॉनांचा घर्षणहीन द्रव होतो, असं गणित सांगतं. पहिल्यात चुंबकीय भोवरे, दुसऱ्यात ताऱ्याच्या फिरण्यामुळे झालेले भोवरे. व्हेला नावाचा असा तारा सेकंदाला सुमारे अकरा वेळा फिरतो, हळूहळू मंदावतो आणि मधूनच अचानक किंचित वेग घेतो. असा हिसका पहिल्यांदा १९६९ साली नोंदला गेला. कवचाच्या खुंट्यांना अडकलेले भोवरे एकदम सुटतात आणि आपली फिरकी कवचाला देतात, हे त्याचं आजचं मुख्य स्पष्टीकरण. माझ्या झडपेतून हेलियमचा लोट गेला त्याचा हा दूरचा भाऊबंद. इथे मात्र माझा ‘तसेच’ हा शब्द मी मागे घेणार नाही.

प्रश्न : आम्ही शाळेत द्रव नायट्रोजनमध्ये काळी चकती ठेवून तिच्यावर चुंबक तरंगताना पाहिला. नायट्रोजन संपल्यावर तो लगेच का पडला नाही? (इयत्ता आठवी)

उत्तर : इतकं नीट पाहिलंस, शाबास. बाकीचे सगळे तरंगणारा चुंबक पाहून टाळ्या वाजवत असतात.

द्रव नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला. तुझी चकती अतिवाहक राहते ९२ पर्यंत. म्हणजे बुडबुडे थांबले, भांडं कोरडं झालं, तरी चकतीला अजून पंधरा अंश चढायचे असतात. तोवर तिच्यातले भोवरे आपापल्या खुंटीला घट्ट असतात. चुंबकाच्या क्षेत्राचा ठसाच त्यांनी धरून ठेवलेला असतो, म्हणून तो वरही जात नाही, खालीही नाही, बाजूलाही घसरत नाही. बोटानं ढकललास तर परत जागेवर येतो. चकती चांगल्या प्रतीची असेल, तर प्लॅस्टिकच्या चिमट्यानं चुंबक वर उचलल्यावर खालची चकतीही, न चिकटता, मधे फट ठेवून, त्याच्यामागोमाग उचलली जाते. पुढच्या वेळी बाईंना किंवा सरांना हे करून दाखवायला सांग. हातमोजे आणि चष्मा त्यांनीच घालायचा आणि चकती आधी पूर्ण गार होऊ द्यायची, चुंबक जवळ ठेवूनच.

मग चुंबकाकडे न बघता फटीकडे बघ. बुडबुडे थांबल्यावर काही वेळ काहीच होत नाही. चकतीच्या कडेला बाष्पाचं पांढरं हिम धरतं. त्यानंतर फट अगदी हळू, कागदाच्या जाडीनं, कमी होऊ लागते. खुंट्या ढिल्या होताहेत. चुंबक एका बाजूला कलतो, कड टेकवतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो.